बॉल हवेत वळतो कसा? ढगांना उगाच श्रेय देऊ नका

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र-बडोदा रणजी मॅच होती तेव्हा मी भाचीला घेऊन गेलो होतो. ती पंधरा वर्षांची आहे, मीडियम पेस टाकते, आणि तिला मॅच बघण्यापेक्षा बॉलरचं मनगट बघण्यात जास्त रस असतो. आमच्या मागच्या रांगेत एक काका बसले होते, त्यांनी वर बघितलं आणि शेजाऱ्याला अगदी खात्रीने सांगितलं, "आभाळ नाही, हवेत ओल नाही, आज बॉल हलायचा नाही." भाची लगेच माझ्याकडे वळली. "मामा, मग परवा भर उन्हात नेटमध्ये माझा आउटस्विंग कसा पडला?" (आउटस्विंग म्हणजे हवेतच बॅट्समनपासून बाहेर वळणारा बॉल.)

मी पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय आणि तरी या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिला तिथे पायरीवर बसून नीट देता आलं नाही, कारण उत्तर लांब आहे. मग मार्चमध्ये आयपीएलमध्ये बॉलला थुंकी लावायची बंदी उठली, आणि घरोघरी, ग्रुपवर, मिसळीच्या टेबलावर सगळीकडे परत तेच सुरू झालं, की शाइनने काय होतं, रिव्हर्स म्हणजे काय, ढग आले की काय होतं. खूप जण खूप आत्मविश्वासाने चुकीचं सांगतात. त्याचा तोटा मात्र नव्याने बॉलिंग शिकणाऱ्या पोरापोरींना होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गणित फार नाही, एक छोटा हिशोब आहे, तोही पाढ्यातला.

आधी बॉल हातात घ्या

सीझन बॉल. वजन १५६ ते १६३ ग्रॅमच्या मध्ये, व्यास साधारण सव्वासात सेंटिमीटर. मधोमध शिवण, टाक्यांच्या सहा ओळी. आपल्याकडे रणजीला जो एसजी कंपनीचा बॉल वापरतात त्याची शिवण हाताने घातलेली असते आणि अंगठा फिरवला की चांगली जाणवते, चामड्यापेक्षा जेमतेम एखादा मिलिमीटर वर आलेली. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका मिलिमीटरवर उभं आहे. मुलींचा बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे हलका, पण आकाराने पण थोडा लहान असतो, त्यामुळे हवेचा धक्काही कमी बसतो आणि हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. हलका आहे म्हणून तो जास्त हलतो असं नाही, हे भाचीला मी आधीच सांगून टाकलं.

दुतोंड्या मारुती आणि बॉलची शेपूट

नाशिककरांना पूर किती आला ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं. पाणी गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, असं आपण बोलतो. पुढच्या पावसाळ्यात पूर बघायला जाल तेव्हा मूर्तीच्या पुढचं पाणी बघू नका, मागचं बघा. पाणी समोरून येतं, मूर्तीला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं, पण मागे गेल्यावर लगेच शहाण्यासारखं एकत्र येत नाही. मूर्तीच्या पाठीमागे लांबपर्यंत गरगरणाऱ्या, फेसाळ पाण्याचा एक पट्टा राहतो.

बॉल हवेतून जातो तेव्हा त्याच्या मागे हवेचा असाच पट्टा तयार होतो, फक्त तो दिसत नाही. त्याला आपण शेपूट म्हणू. बॉल सगळीकडून सारखा असेल तर शेपूट सरळ मागे राहते आणि बॉल सरळ जातो. पण काही कारणाने शेपूट एका बाजूला, समजा डावीकडे, वळली तर याचा अर्थ बॉलने हवा डावीकडे ढकलली, आणि मग हवा बॉलला उजवीकडे ढकलणारच. न्यूटनचा तिसरा नियम, बस. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये नाव वल्हवत होता तेव्हा तोही हेच करत होता, पाणी मागे ढकलायचं म्हणजे नाव पुढे जाते.

तर स्विंगचा सगळा प्रश्न एवढाच उरतो, की शेपूट वाकडी कोण करतं?

पंख्यावरची धूळ

दिवाळीत पंखा पुसताना कधी विचार केलाय का, की एवढा गरगर फिरणारा पंखा, वारा काढतो, मग त्याच्याच पात्यावर धूळ बसते कशी, उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्यासोबतच फिरते, पात्याच्या हिशोबाने ती जागची हलतच नाही. त्याच्या वरची थोडी सरकते, त्याच्या वरची आणखी. असा एक पातळ थर असतो, ज्यात हवा घासून घासून मंद झालेली असते. जर्मनीतल्या लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली, पुस्तकात त्याला बाउंडरी लेअर म्हणतात, आपण नुसतं थर म्हणू. बॉलवर हा थर एक मिलिमीटरही जाड नसतो.

आता हा थर दोन प्रकारचा असू शकतो, आणि इथे नीट लक्ष द्या कारण गोष्टीचा जीव इथे आहे.

गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक डोळ्यासमोर आणा, सकाळी सहाची गर्दी. समजा सगळे जण शिस्तीत आपापल्या ओळीत चालतायत, कोणी ओळ बदलत नाही. कठड्याला लागून चालणाऱ्याचा खांदा सारखा कठड्याला घासतोय, तो दमत जातो, हळू होत जातो, आणि बाकीचे आपापल्या ओळीत असल्याने त्याला कोणी हात देत नाही. पुढे थोडा चढ आला की तो थांबतो. तो थांबला की मागचे अडतात आणि सगळी रांग कठड्यापासून बाहेर फुटते. हा झाला शांत थर.

आता दुसरी गर्दी घ्या, धक्काबुक्कीवाली. बाहेरचे ताजेतवाने लोक सारखे आत घुसतायत, आतले दमलेले बाहेर फेकले जातायत. बघायला गोंधळ आहे, पण कठड्याजवळ प्रत्येक वेळी नवा दम असलेला माणूस येतोय, त्यामुळे चढ आला तरी ही गर्दी कठडा धरून बरीच पुढे जाते. हा झाला खवळलेला थर.

बॉलवर हा चढ कुठे असतो? बॉलच्या सर्वात रुंद भागापर्यंत हवा पळत येते, तिथून मागे वळताना तिला जास्त दाबाच्या दिशेने जावं लागतं, सायकल उतारावरून येऊन चढाला लागावी तसं. शांत थर चढाच्या तोंडाशीच दम सोडतो आणि बॉलपासून सुटतो. खवळलेला थर बॉलला धरून आणखी मागे जातो आणि मग सुटतो.

ज्या मैदानाच्या नावातच गोल्फ आहे तिथे बसून हे सांगायला मला फार आवडतं, कारण गोल्फच्या बॉलवर जे खड्डे असतात ते याचसाठी. खड्ड्यांमुळे थर सगळीकडून खवळतो, उशिरा सुटतो, शेपूट बारीक होते आणि मागे खेचणारा जोर कमी होतो. तोच बॉल गुळगुळीत केला तर साधारण निम्म्या अंतरावर पडेल. खडबडीत वस्तू हवेत लांब जाते हे पोरांना पहिल्यांदा पटतच नाही.

शिवण काय करते

गोल्फच्या बॉलला खड्डे सगळीकडे. क्रिकेटच्या बॉलला खडबडीतपणा एकाच पट्ट्यात, शिवणीवर. बॉलर काय करतो, शिवण बॅट्समनकडे सरळ न ठेवता थोडी स्लिपकडे, म्हणजे बॅट्समनच्या अंगापासून दूरच्या बाजूला, तिरकी धरतो, वीसेक अंश. त्यामुळे बॉलच्या स्लिपकडच्या बाजूने जाणाऱ्या हवेला वाटेत शिवण आडवी येते, ती हवा ठेचकाळते, थर खवळतो. लेगकडच्या, म्हणजे बॅट्समनच्या पायांकडच्या बाजूने जाणाऱ्या हवेला समोर फक्त चकचकीत चामडं, तिथे थर शांत.

म्हणजे लेगकडची हवा लवकर सुटली, स्लिपकडची बॉलला धरून मागे वळली आणि उशिरा सुटली. मागे वळलेली हवा साहजिकच लेगच्या दिशेने फेकली गेली, शेपूट लेगकडे वाकली, आणि बॉल ढकलला गेला स्लिपकडे. हाच आउटस्विंग. शिवण उलटी, लेगकडे तिरकी धरा, की इनस्विंग. शिवण जिकडे तोंड करून आहे तिकडे बॉल जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

विश्वास बसत नसेल तर आत्ता किचनमध्ये जा. नळ बारीक धारेने सोडा, एक चमचा शेपटीला दोन बोटांत सैल धरा, लटकता, आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेजवळ न्या. आपल्याला वाटतं पाणी चमच्याला बाजूला ढकलेल. होतं उलट, चमचा धारेत ओढला जातो आणि बोटांना ती ओढ स्पष्ट कळते. खाली बघाल तर धार चमच्याच्या पाठीला धरून वळलेली असते आणि पलीकडच्या बाजूला उडत असते. पाणी तिकडे, चमचा इकडे. भाचीने हे सात-आठ वेळा केलं, सगळा ओटा ओला केला, ताईने ओरडा पण घातला, पण त्यानंतर तिला शिवण आणि शेपूट हे परत समजवावं लागलं नाही.

आता शाइनचं. "चकचकीत बाजूने हवा जोरात जाते म्हणून बॉल वळतो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. तसं नाही. नवा बॉल तर दोन्हीकडून चकचकीत असतो, तरी स्विंग होतो ना? शाइनचं काम एकच, त्या बाजूचा थर शांत ठेवायचा. दहा-पंधरा ओव्हरनंतर दोन्ही बाजू खरबरीत झाल्या तर दोन्हीकडे थर खवळेल, फरकच उरणार नाही, म्हणून एक बाजू पँटला घासत राहायची. थुंकी, घाम हे त्या पॉलिशसाठी. आयसीसीने २०२० मध्ये कोविडमुळे थुंकीवर बंदी आणली, २०२२ मध्ये ती कायमची केली, घाम मात्र चालतो.

मनगट आणि लाकडी भोवरा

शिवण तिरकी धरली आणि सोडली, झालं? नाही ना. बॉल हातातून सुटल्यावर शिवण डुगडुगली तर कधी हवा या बाजूला ठेचकाळणार, कधी त्या बाजूला, आणि सगळं मिळून शून्य. शिवण बॅट्समनपर्यंत त्याच कोनात राहिली पाहिजे. हवेत असलेल्या बॉलला धरून कोण ठेवणार?

फिरकी धरून ठेवते. भोवरा उभा राहतो कशामुळे, फिरतोय म्हणून. थांबला की आडवा. फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी बदलत नाही. बॉल सोडताना शेवटी दोन बोटं शिवणीवरून मागे घसरली की बॉलला उलटी फिरकी मिळते, तो शिवणीच्या रेषेतच गोल फिरत जातो आणि शिवण टिकते. नासामधले रवींद्र मेहता आणि त्यांच्या सोबतच्यांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे मोठ्या पंख्याने वारा सोडायच्या बोगद्यात, बॉल फिरवून मोजमापं केली आणि १९८३ मध्ये नेचर मासिकात छापली. साधारण वीस अंशाचा कोन आणि सेकंदाला अकराच्या आसपास फेऱ्या असतील तर स्विंग चांगला मिळतो असं या मोजमापांतून पुढे आलं. सेकंदाला अकरा फेऱ्या, म्हणजे बॅट्समनपर्यंत पोचेतो सात-आठ वेळा फिरला. हे सगळं मनगट आणि दोन बोटांचं काम आहे, खांद्याचं नाही.

"लेट स्विंग" ही काय भानगड आहे

कॉमेंट्रीमध्ये ऐकतो आपण, बॉल शेवटच्या क्षणाला हलला. जणू बॉल सतरा मीटर सरळ आला आणि मग त्याला आठवलं. करूया तो हिशोब.

भाचीचा बॉल ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सोडल्यापासून बॅटपर्यंत साधारण १७.५ मीटर, म्हणजे ०.७ सेकंद. टप्प्याचं आणि वाटेत वेग कमी होण्याचं आपण सोडून देऊ, हिशोब सोपा राहावा म्हणून. समजा हवेचा आडवा धक्का बॉलच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे, आणि तो पूर्ण वेळ सारखाच आहे, शेवटी वाढत बिढत नाही. मग बॉल आडवा किती सरकला हे काढायला वेळेचा वर्ग करायचा, उत्तर मीटरमध्ये. (आकडे मी मुद्दाम असे घेतलेत की पाढ्यात बसावेत.)

०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे एकूण ४९ सेंटिमीटर. अर्धा वेळ संपला तेव्हा, ०.३५ चा वर्ग, फक्त १२ सेंटिमीटर. अर्ध्या वेळात पाव हिस्सा आणि उरलेल्या अर्ध्या वेळात पाऊण हिस्सा! आणखी पुढे बघा, ०.६ सेकंदाला ३६ सेंटिमीटर झालेत, म्हणजे शेवटच्या एक दशांश सेकंदात बॉल १३ सेंटिमीटर सरकला. बॅटची रुंदी नियमाने जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते.

बघा हे काय झालं. धक्का पहिल्यापासून सारखा, तरी बॅट्समनला तो शेवटी हलल्यासारखा दिसतो, कारण आडवा वेग साठत साठत जातो, गच्चीवरून सोडलेली वस्तू खाली येता येता वेगाने येते तसंच. आणि माणसाला डोळ्याने बघून हात हलवायला एक दशांश सेकंदापेक्षा जास्तच लागतो. म्हणून बॉल पुढे टाकायला सांगतात, बॅटजवळ टप्पा, म्हणजे हवेत जास्त वेळ मिळतो आणि मोठा हिस्सा पदरात पडतो. आखूड टप्पा टाकला तर जो वळायचा भाग होता तो वळायच्या आधीच बॉल जमिनीला लागला.

"जोर लाव, मग हलेल"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. भाची ज्या नेटला जाते तिथे एक प्रशिक्षक तिला रोज हेच ओरडत होते, जोर लाव, जोर लाव. तिने लावला. खांदा ताणला, मनगट बाजूला पडायला लागलं, शिवण डुगडुगली, आणि दोन महिन्यात आउटस्विंग गेला. पोरगी घरी येऊन गप्प बसायची. माझा जीव तुटायचा, कारण ती जे गमावत होती ते बरोबर होतं आणि जे तिला सांगितलं जात होतं ते फिजिक्सच्या दृष्टीने चूक होतं.

वेग वाढवला की हवेचा धक्का वाढतो हे खरं आहे. वेग दुप्पट तर धक्का चौपट. पण वेग दुप्पट केला की वेळ निम्मा होतो, आणि सरकणं वेळेच्या वर्गावर आहे, म्हणजे तिथे चौथा हिस्सा. चौपट आणि चौथा हिस्सा, गेलं की उडून! म्हणजे एका मर्यादेपर्यंत, शिवण सारखीच नीट असेल तर, ताशी ८० ने टाका नाहीतर ११० ने, बॉल साधारण तेवढाच वळतो. वेगाचा फायदा एवढाच की बॅट्समनला विचार करायला वेळ कमी मिळतो, आणि तो फायदा मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरीला वेग वयाने येईल. मनगट आत्ता बसलं पाहिजे.

मर्यादेपर्यंत म्हणालो कारण साधा स्विंग सर्वात जास्त साधारण ताशी ११० किलोमीटरच्या आसपास मिळतो, त्याच्या फार वर गेलं की तो कमी व्हायला लागतो. का, ते पुढे रिव्हर्सच्या भागात कळेल.

पण ढग आले की बॉल हलतो, हे तर आम्ही डोळ्यांनी बघितलंय

बघितलं असेल, मी खोटं नाही म्हणत. कारण मात्र तपासून घ्यावं लागेल.

ओल्या हवेचं आधी. सगळ्यांना वाटतं दमट हवा जड असते. उलट आहे. पाण्याचा रेणू १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२, म्हणजे हवेत वाफ मिसळली की जड रेणूंच्या जागी हलके आले. ३० अंशाला पूर्ण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा साधारण दीड टक्क्याने हलकी भरते. म्हणजे धक्का उलट कणभर कमीच. शिवणीचा दोरा ओल धरून फुगतो अशीही एक जुनी समजूत आहे, पण मोजमापांत त्याला काही आधार मिळालेला नाही.

थंडीचं थोडं तथ्य आहे. आपल्याकडे जानेवारीत सकाळी ८ अंश असतं, मे महिन्यात ३२ धरा, तर थंड हवा साधारण आठ टक्के जड. आठ टक्के जड हवा, आठ टक्के जास्त धक्का. वरच्या हिशोबात ४९ चे ५३ सेंटिमीटर. पण मग हेही धरा की नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे थंडीने दिलं ते उंचीने काढून घेतलं.

मग सकाळी आणि ढगात दिसतं ते काय? बऱ्याच गोष्टी एकत्र आहेत. सकाळी बॉल नवा असतो, ही सर्वात मोठी गोष्ट, आणि ती कोणी मोजतच नाही. सकाळी पिचमध्ये ओल असते, त्यामुळे टप्पा पडल्यावर शिवण पकडते आणि बॉल वळतो, पण ते हवेतलं वळणं नाही, जमिनीवरचं आहे, लोक दोन्हीला एकच समजतात. आणि आभाळ आलं की बॉलर खुश होऊन बॉल पुढे टाकतो, स्लिप वाढतात, कडा लागली की झेल होतो, तोच बॉल उन्हात टाकला तर एक स्लिप असते आणि चार जातात.

एक शक्यता मला मात्र पटण्यासारखी वाटते. इंग्लंडमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०१२ मध्ये मांडलेली. ऊन असलं की जमीन तापते, हवा वर उठते, मैदानावर बारीक बारीक खळबळ असते, उन्हाळ्यात रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ती हीच. ढग आले की ती खळबळ थांबते. हवा आधीच खळबळलेली असेल तर चकचकीत बाजूचा शांत थर टिकणं अवघड, आणि हवा निवांत असेल तर तो टिकतो. म्हणजे ढगांचा काही हात असलाच तर तो ओल आणून नाही, हवा निवांत ठेवून. ही अजून शक्यताच आहे, पण निदान तिच्यात कारण आणि परिणाम यांचा धागा लागतो.

रिव्हर्स म्हणजे जादू नाही

आता तो अर्धवट सोडलेला प्रश्न. बॉल खूप वेगात गेला की शिवणीची गरजच राहत नाही, थर बॉलच्या पुढच्या भागावरच, शिवणीच्या आधीच, दोन्ही बाजूंनी आपोआप खवळतो. मग शिवण काय करते? जी गर्दी आधीच धक्काबुक्की करत येतेय तिच्या वाटेत परत एक दगड. त्याने तिकडचा थर आणखी जाड होतो, दमतो आणि लवकर सुटतो. म्हणजे आता शिवणीची बाजू आधी सुटली, दुसरी उशिरा, शेपूट उलट्या दिशेला, आणि हाताची पकड आउटस्विंगची असून बॉल आत येतो. हाच रिव्हर्स स्विंग.

नव्या बॉलने हे करायला फार वेग लागतो. पण बॉल जुना असेल आणि खरबरीत बाजू पुढे येईल असा टाकला, तर थर त्या खरबरीतपणाने लवकर खवळतो आणि कमी वेगातही हे जमतं. म्हणून रिव्हर्स चाळीस-पन्नास ओव्हरनंतर दिसतो, आणि कोरड्या, घासणाऱ्या मैदानांवर जास्त दिसतो. पाकिस्तानात सर्फराज नवाझने ही कला रुजवली, इम्रान खानने उचलली, वसीम अक्रम आणि वकार युनूसने जगाला दाखवली. २५ मार्च १९९२, मेलबर्न, वर्ल्ड कपची फायनल, वसीमने लागोपाठच्या दोन बॉलवर इंग्लंडच्या लॅम्ब आणि लुइस यांना बोल्ड केलं, ते ज्यांनी बघितलंय ते विसरणार नाहीत.

मग ही चीटिंग का? नाही. खेळता खेळता बॉल खराब होणं, एक बाजू घासून राखणं हे नियमात आहे. नखाने, बाटलीच्या झाकणाने, सँडपेपरने मुद्दाम खरवडणं हे नियमाबाहेर, २०१८ मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू त्यातच पकडले गेले. हवेला दोन्ही सारखेच, तिला खरबरीतपणा कुठून आला ते कळत नाही, फरक आपल्याला कळायला हवा.

आणि हो, आपल्या गल्लीतली पोरं विचारतात, की टेनिस बॉल का नाही हलत असा? त्याला सगळीकडून सारखी लव असते, दोन्ही बाजूला थर सारखाच खवळतो. फरक पाहिजे, खरबरीतपणा नाही. अर्ध्या बॉलला टेप लावला की फरक तयार होतो, आणि वजन सीझन बॉलच्या निम्म्याहूनही कमी, मग तो हवेत काय काय करतो ते सगळ्यांनी अनुभवलंय.

नेटमध्ये करायचं काय

आम्ही जे केलं ते सांगतो. जुना बॉल घेतला, शिवणीच्या एका बाजूला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा मारला, शिवणीला अगदी लागून. भाचीला सांगितलं, वेग विसर, यॉर्कर विसर, फक्त पंधरा पावलांवरून माझ्याकडे टाक. शिवण टिकली तर मला समोरून लाल, पांढरी, लाल अशी स्वच्छ रेघ दिसते, डुगडुगली तर सगळा बॉल गुलाबीसर दिसतो, काहीच ओळखू येत नाही. मी फक्त "रेघ" किंवा "गुलाबी" एवढंच म्हणायचं, बाकी काही शिकवायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी वीस बॉलमध्ये तीन वेळा रेघ दिसली. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तेव्हा तिचं तिलाच कळलं, की सोडताना अंगठा शिवणीच्या बाजूला सरकतोय आणि तर्जनी आधी सुटतेय. अंगठा खाली, शिवणीवर, आडवा ठेवला. आठवड्याने वीसात आठ. महिन्याने बारा. या महिन्यात एकदाही तिला जोर लाव म्हटलं नाही.

मागच्या रविवारी मॅच होती, भर दुपारी, ऊन डोक्यावर, ढगाचा पत्ता नाही. तिसऱ्या ओव्हरचा चौथा बॉल मिडल स्टंपवर सुटला, बॅटरने सरळ ड्राइव्हला पाय काढला आणि बॉल बाहेरच्या कडेला लागून पहिल्या स्लिपच्या हातात गेला. भाचीने उडी मारली नाही, ओरडली नाही. बाउंड्रीबाहेर मी उभा होतो तिकडे बघून तिने दोन बोटांनी हवेत एक सरळ उभी रेघ काढली.